पाणी प्यालेली होडी आणि भिवाआप्पा

भिवाआप्पा घरात आले की आधी वस्तूंना भेटायचे, मग माणसांना. दारातल्या पाण्याच्या टाकीवर दोन टिचक्या, ओट्यावरच्या कलिंगडावर एक, कपाटाच्या दारावर एक. मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचा, तिचे पाय हलवून बघायचे आणि त्यानंतर बूड टेकायचं. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा सगळं गाव त्याचा रंग बघून गेलं. आप्पांनी त्याच्या कुशीला कान लावला आणि निकाल दिला, "दम कोंडतोय ह्याचा. भिंतीपासनं लांब कर." फ्रीज पुढे ओढला आणि त्याची घरघर थांबली. आप्पांनी चहा घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि जाताना शेजारच्या चार घरांत ही गोष्ट सांगून गेले. आपल्या गुणांबद्दल लाजणं त्यांना कधी जमलं नाही.

मी तेव्हा वडगाव रासाईला सासरी राहत होते. सणसवाडीच्या एका कंपनीत फायबरचे भाग बनतात, बसचे बंपर, मशिनींची झाकणं असलं काहीबाही. तिथे मी क्वालिटीला होते. सकाळी कंपनीच्या बसने जायचं आणि दिवसभर आलेला माल ठोकून, घासून, उजेडात धरून बघायचा. चांगला असेल तर 'पास'चा हिरवा कागद चिकटवायचा, नसेल तर लाल. गावात मी नेमकं काय करते हे कुणाला धड कळायचं नाही. माझ्या सासूबाई 'ऑफिसात हाय' म्हणून वेळ मारून न्यायच्या. आप्पांना मात्र एका दमात कळलं.

"म्हंजी माल चांगला का वंगाळ त्ये तू सांगतीस. मंग आपन एकाच धंद्यातलं की गं!"

त्या दिवसापासून माझं नाव क्वालिटी पडलं. भर रस्त्यात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, "ए क्वालिटी!" अशी हाक यायची आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. त्यांच्या वडिलांच्या काळात कळप होता. पुढे जमीन झाली, ऊस आला, कांदा आला, कळप गेला. पण हात राहिला. वडिलांनी त्यांना आणि त्यांच्या मोठ्या बहिणीला लहानपणी कळपात उभं करून शिकवलेलं होतं. मेंढराच्या कण्यावरून अंगठा कसा फिरवायचा, ओठ उचलून दात कसे बघायचे, शेपटीचं बूड चाचपून अंगात चरबी किती ते कसं ओळखायचं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कुणाला बोकड घ्यायचा असला तर तो आधी आप्पांना जीपमध्ये घालून न्यायचा. लोकर कातरायची जुनी कातर अजून त्यांच्या कमरेला असायची. कातरायला काही उरलं नव्हतं. तिने ते सुतळी कापायचे, नारळाच्या शेंड्या काढायचे, आणि तिच्या मुठीने जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठोकून बघायचे.

त्यांची ती मोठी बहीण म्हणजे गौराक्का. ती दिली होती नदीपलीकडे, दौंड तालुक्यात. पलीकडे म्हणजे अगदी समोर. भीमेच्या या काठावर उभं राहिलं की तिच्या अंगणातली चिंच दिसायची. बंधाऱ्याला फळ्या टाकल्या की पाणी तुंबून नदी थोराड व्हायची, आणि मग माहेरी यायला दोनच वाटा उरायच्या. एक होडी. दुसरी पुलावरून, लांबचा वळसा घालून, जीप बदलत. अक्काच्या गुडघ्यांनी जीपच्या पायरीला कधीच रामराम ठोकला होता. गावची जुनी लाकडी होडी कुजून गेली तेव्हा आप्पांनी गावाला सांगितलं, "फायबरची घिऊ. वापरल्याली घिऊ. निवडनार मी."

आणि निवडली. ती गोष्ट माझ्या लग्नाआधीची, पण गावाने मला ती इतक्या वेळा सांगितली की मीही काठावर होते असं वाटतं. दौंडकडे कुणाकडे तरी दोन होड्या विकायला होत्या. एक फिकट, कळाहीन, हलकी. दुसरी निळीशार, तुकतुकीत, उचलायला सहा जण लागावेत अशी जड. आप्पांनी मेंढरासारखा हिशोब लावला. जी तुकतुकीत ती निरोगी, जी जड ती अंगाने भरलेली. निळी घेतली. वाजतगाजत आणली, नारळ फोडला, आणि भाऊबिजेला अक्काला आणायला स्वतः गेले. अक्का नव्या लुगड्यात, मांडीवर करंज्यांचा डबा. मधल्या धारेपर्यंत होडी पाण्यात जरा जास्तच खोल चालली होती, पण आप्पांना ती तिची ऐट वाटली. मग तळाचा रंग एके जागी फुगला आणि फाटला. माणसं पोहत आली म्हणून बरं. कुणाच्या जिवाला काही झालं नाही, पण गौराक्काला गळ्यापर्यंत पाण्यातून ओढत पलीकडच्या काठाला न्यावं लागलं. करंज्या बंधाऱ्यापर्यंत गेल्या. काठावर उभी राहून, लुगडं पिळता पिळता ती म्हणाली, "भिवा, तू निवडल्याल्या होडीत म्या पुन्यांदा पाय ठिवनार न्हाई."

गौराक्काचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आप्पा कितीदा पुलावरून तिच्याकडे गेले. जेवायला वाढायची, पण ओवाळायची नाही. म्हणायची, "ववाळीन तर माहेराच्या उंबऱ्यात. न्हाईतर बुडाल्यावर मला जित्तं वडून काढलं त्या काठावनं."

आणि खरोखर तसंच चाललं होतं. मी पहिली भाऊबीज पाहिली ती अशी. या काठावर आप्पा पाटावर बसलेले, फेटा बांधून. पलीकडच्या काठावर अक्का ताट घेऊन उभी. दोघांच्या कानाला मोबाइल.

"फेटा वाकडा झालाय तुजा."

"तुला हितनं दिसतंय व्हय?"

"मोतीबिंदू काढलाय माजा. सगळं दिसतंय. पोट बी सुटलंय."

मग तिने तिकडे ताट फिरवलं आणि आप्पांनी इकडे मान लववली. टिळा लावायला नदीएवढा हात कुणाचाच नव्हता, म्हणून फोनवरून हुकूम आला, "ती क्वालिटी का कोन हाय तिला म्हनावं, माज्या वतीनं लाव." मी लावला. माणसं हसत होती. आप्पाही हसत होते, पण टिळा लावून घेताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडच्या काठावर होती. या माणसाला दुसरं काही नको होतं. बहीण एकदा माहेरच्या उंबऱ्यात यावी, आणि ती त्यांनी निवडलेल्या होडीतून यावी, एवढंच.

तो सण झाल्यावर पहिल्याच सुट्टीला ते मला त्या निळ्या होडीकडे घेऊन गेले. ती बाभळीखाली उलटी पडलेली होती. मी तळाचा फाटलेला भाग करवतीने कापून काढला आणि त्यांच्या हातात दिला. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो, होडी तरंगायला. तो इतक्या वर्षांनीही ओला होता. आप्पांनी तो मुठीत दाबला तर बोटांतून काळपट, आंबूस वासाचं पाणी गळलं.

"जड का होती कळलं का, आप्पा? पाणी प्यायली होती. कुणीतरी चिरा बुजवल्या, वरून रंग मारला."

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं तिच्या! मीठ चारल्याली हुती की ही!"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बाजाराच्या आदल्या दिवशी लबाड व्यापारी मेंढराला मीठ चारतात. मेंढरू तहानेने पाणी पितं, फुगतं, वजनाला भरतं, आणि घेणारा खूश होतो. "माजा बाप असलं मेंढरू लांबनं वळखायचा. आन् मी त्याचा पोरगा, त्येच फशिवनं गळ्यात घालून, वाजत आनलं." इतकं बोलून ते गदगदा हसायला लागले. आपल्या फजितीवर इतक्या मोठ्याने हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर दर सुट्टीला आमची शाळा भरायची. मी कंपनीतून नापास मालाचे तुकडे आणायची आणि आप्पा त्यांच्यावर कातरीची मूठ आपटायचे. थर एकजीव असला तर 'टण्' वाजतं, आतून पापुद्रा सुटलेला असला तर 'भद्'. हे त्यांना पहिल्या दिवशी आलं. बाकीचं त्यांनी आपल्या भाषेत फिरवून घेतलं. रंगाखाली बारीक फोड दिसले की "हिला देवी आल्यात". दगडावर आपटल्याच्या बारीक चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसल्या की "हिनं लाथ खाल्लीया, आतनं बी बघ". आणि चकचकीत नवा रंग दिसला की एकच शब्द, "मीठ!"

मग सुरू झालं होडी बघणं. ते कुठे कुठे जाऊन आले त्याला सुमार नाही. दौंडच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या आणि पक्षी दाखवायच्या होड्या असतात, तिथे त्यांना पोरंसोरं ओळखायला लागली. उन्हं तिरपी झाली की ते होडीच्या कडेला एक डोळा लावायचे. तिचं अंग लाटेसारखं खालीवर दिसलं की नापास. मशीन बसवायच्या मागच्या फळीला धरून गदागदा हलवायचे. कुरकुरली की नापास. "नापास!" हा शब्द ते असा ओरडायचे की पाण्यावरचे बगळे उडावेत. गावात चेष्टेला ऊत आला. पारावर विचारायचे, "आप्पा, होडी बघताय का नवरी?" आप्पा म्हणायचे, "नवरी आसती तर कवाच हो म्हनलो आसतो. नवरी बुडत न्हाई, नवरा बुडतोय."

शेवटी एका रविवारी ते मलाच जीपमध्ये घालून घेऊन गेले. फुगवट्याच्या काठी बाळूशेठ म्हणून एक गृहस्थ होड्या घ्यायचा-विकायचा. गळ्यात साखळी, तोंडात साखर. त्याने पुढे केली ती लाल-पांढरी, आरशासारखी होडी. "आप्पा, तुमच्यासाठीच राखून ठिवली बघा." आप्पांनी तिच्यावरून हात फिरवला, ठोकलं, एक भुवई उचलली आणि मागे बघितलं. मागे कडुलिंबाखाली एक होडी उलटी पडली होती. रंग उडालेला, अंगावर ओरखडेच ओरखडे, आणि तिच्या पोटाखाली कोंबड्या बसलेल्या.

"ती?"

"ती व्हय? तिला इकायला माजीच मला लाज वाटती. कोंबड्यांचं खुराडं हाय ते."

"कवापासनं पडलीया?"

"लई दिस झालं."

"म्हंजी सुकल्याली हाय," आप्पा मला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकले की या माणसाला आता धरून ठेवलं पाहिजे असं मला वाटलं.

त्यांनी कोंबड्या हाकलल्या. दोन्ही होड्या मागून उचलून बघितल्या. लाल-पांढरीला बाळूशेठची चार माणसं घामाघूम झाली, खुराडं तिघांनी उचललं. मग आप्पांनी फर्मान सोडलं. दोन्ही होड्या टायरांवर ठेवा, सुलट, आणि मोटर लावून त्यांच्यात पाणी भरा.

बाळूशेठ हसायलाच लागला. "आप्पा, होडी पान्यात सोडून बघत्यात. होडीत पानी सोडून न्हाई!"

"घागर घेताना तू विहिरीत उडी मारून बगतुस, का घागर भरून बगतुस?"

काठावरची माणसं जमा झाली. आप्पांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी काढली. धनगराच्या घरचा माणूस, देवाचा भंडारा त्यांच्याजवळ कायम असायचा. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत त्यांनी दोन्ही होड्यांच्या तळाला बाहेरून ती कोरडी हळद चोळली. मला कळेना की ही पूजा आहे की तपासणी. मग लक्षात आलं. कोरड्या हळदीवर पाण्याचा थेंब पडला की ती लगेच गडद होते. आम्ही कंपनीत यासाठी महागाची रंगीत पावडर वापरतो!

मोटर चालू झाली. दोन्ही होड्या पाण्याने भरत गेल्या. आप्पा लाल-पांढरीखाली, टायरांच्या मध्ये चक्क उताणे झोपले, फेटा काढून छातीवर ठेवला आणि वर बघत राहिले.

"क्वालिटी, ये हिकडं."

मी साडी सावरत वाकले. लाल-पांढरीच्या तळावर, जिथे रंग सगळ्यात जाड होता, तिथेच पिवळ्यावर एक गडद रेघ उमटली होती. बघता बघता ती हातभर लांब झाली, तिला फाटे फुटले. मग एक थेंब लोंबला आणि आप्पांच्या गालावर पडला.

"मीठ!" आप्पा झोपूनच ओरडले. "मीठ! मीठ! मीठ!"

खुराड्याच्या तळावर फक्त पुढच्या टोकाला, दगडाला घासून झिजलेल्या जागी, रुपयाएवढा एक डाग. बाकी सगळी हळद तशीच पिवळीधमक. आप्पा उठले, अंगावर चिखल, मिशीला भंडारा, आणि त्या डागाभोवती अक्षरशः नाचले.

"आहो आप्पा, ही बी भोकाची हाय की!" बाळूशेठ म्हणाला.

"हाय! पन दिसतंय. दिसनारं भोक बुजिवता येतं, शेठ. न दिसनाऱ्या भोकानं माजी भन बुडत हुती." आणि मग गंभीरपणे माझ्याकडे वळून, "काय गं क्वालिटी?"

मी म्हटलं, "पास आहे, आप्पा."

बाळूशेठ माणूस दिलदार निघाला. आपल्या लाल-पांढरीकडे बघत तो म्हणाला, "मला बी रंगिवल्यालीच गळ्यात मारली हुती बगा," आणि सगळ्यांना चहा सांगितला.

होडी गावात आली. मी तो झिजलेला भाग घासला, काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारं चिकट रसायन, लावून थरावर थर बसवले, आप्पांनी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले. दिवाळी तोंडावर होती. गाव म्हणालं, आता झकास रंग मारू. आप्पा ऐकेनात. "रंग न्हाई. अक्काला तिचं आंग दिसलं पायजे." ओरखड्यांसकट, माझ्या ठिगळासकट, होडी तशीच पाण्यात उतरली.

त्या दिवाळीनंतर आम्ही सणसवाडीला राहायला गेलो. आप्पा पुढे फोनवर भेटत राहिले, पण डोळ्यांत राहिले ते त्या भाऊबिजेचेच. सकाळी काठावर सगळं गाव लोटलं होतं. आप्पा नव्या फेट्यात वल्हं घेऊन बसले आणि मला म्हणाले, "चल. काम तू बी केलंयस. बुडायचं तर संगं बुडू."

पलीकडच्या काठावर गौराक्का उभी होती. हातात काठी, शेजारी सून, सुनेच्या हातात झाकलेलं ताट. मी तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. आप्पांचीच मिशी काढून ठेवावी तसा चेहरा.

"वर काढ," ती म्हणाली.

होडी वर काढली.

"पालथी कर."

पालथी केली. मग त्या बाईने काठी सुनेकडे दिली, पदर खोचला आणि होडीच्या कण्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. पुढून मागे, मागून पुढे. मग काठी घेऊन तिच्या मुठीने ठोकत गेली. टण्. टण्. टण्. बापाचा हात या भावंडांत कुणाकडे जास्त उतरला होता ते मला तिथे कळलं. आप्पा, सगळ्या दुनियेला नापास करणारे आप्पा, हात जोडून शाळकरी पोरासारखे उभे होते.

ती ठिगळापाशी थांबली.

"हितं काय?"

"भोक हुतं. भरलंय."

"कुनी?"

"ह्या पोरीनं. आन् मी."

"रंग का न्हाई लावला?"

"तू बगनार हुतीस म्हनून."

अक्काने ठिगळावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "सुलटी कर," आणि चपला काढून सुनेच्या हातात दिल्या.

ती होडीत बसली, मांडीवर ताट. आम्ही निघालो. मधल्या धारेला आलो तेव्हा आप्पांचं वल्हं थांबलं. दोघं पाण्याकडे बघत होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"का थांबलास?"

"अक्का, हितंच..."

"ठावं हाय मला. मार वल्हं."

आप्पांनी वल्हं मारलं. अक्काने आपला उजवा तळहात होडीच्या तळावर, पायापाशी, सपाट टेकवला आणि तसाच ठेवला. काठ जवळ येत होता. आप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

होडीचं टोक वाळूत रुतलं. गौराक्का उठली नाही. तिने तो हात उचलला, आधी स्वतः निरखला, मग सगळ्या गावाला दिसेल असा उंच धरला. हात कोरडा ठणठणीत होता. मग तोच हात तिने भावाच्या पाठीवर ठेवला आणि मानेपासून कमरेपर्यंत कण्यावरून सावकाश फिरवला, बाजारात मनासारखा मेंढा सापडल्यावर त्यांचा बाप फिरवत असेल तसा. माझ्याकडे वळून बघितलं आणि काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पास हाय गं, माजा भिवा."